जेमतेम मिलिमीटरभर

उष्ण कटिबंधातील प्रवाळ खडकांवर राहणारा रंगीत चपटकृमी बोटभर लांब, दीड-दोन बोटे रुंद आणि जेमतेम मिलिमीटरभर जाड असतो. काही जाती नखाएवढ्याच राहतात, काही निम्मा तळहात झाकतील एवढ्या होतात. पाठीवरचे रंग या आकाराच्या मानाने विलक्षण. स्यूडोबायसेरॉस ग्लोरिओसस या जातीचे अंग मखमली काळे आणि त्याला नारिंगी, गुलाबी व गडद किरमिजी अशा लागोपाठ तीन किनारी. स्यूडोबायसेरॉस बेडफोर्डीच्या पाठीवर गुलाबी-केशरी आडवे पट्टे आणि पांढऱ्या ठिपक्यांची एवढी दाटी, की पाणबुडे त्याला पर्शियन गालिचा म्हणून ओळखतात. हे सगळे प्लॅटिहेल्मिंथिस संघातल्या पॉलिक्लॅड गणाचे प्राणी. या गणात आजवर आठशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे आणि जवळजवळ सगळ्या समुद्रातल्या आहेत. शाळेच्या पुस्तकात या संघाची ओळख प्लॅनेरिया, लिव्हरफ्लूक आणि टेपवर्म या तीन नावांनी होते. त्यातली दोन नावे रोग करणाऱ्या कृमींची असल्यामुळे चपटकृमी म्हटले की मराठी वाचकाला आधी जंताचे औषध आठवते. संघातले सर्वांत देखणे प्राणी पुस्तकाबाहेरच राहून गेले, ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

या प्राण्याविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, ते त्याच्या जाडीपासून सुरू होते. त्याला हृदय नाही, रक्त नाही, रक्तवाहिन्या नाहीत. कल्ले नाहीत, फुप्फुसेही नाहीत. कातडी आणि आतडे यांच्यामध्ये पोकळी नसून सगळी जागा पेशींनी भरलेली असते. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडीतून आत झिरपतो आणि पेशीपेशीतून पुढे सरकतो. अशा झिरपण्याची मजल फार थोडी. मिलिमीटरभराच्या पलीकडे तो वेळेवर आणि पुरेसा पोहोचत नाही. आता हिशेब असा: अंगाची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट झाली तर कातडीचे क्षेत्रफळ चौपट होते, पण आकारमान आठपट, म्हणजे प्रत्येक पेशीच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन निम्म्यावर येतो. जाडी तेवढीच ठेवून फक्त लांबी-रुंदी दुप्पट केली, तर क्षेत्रफळ आणि आकारमान दोन्ही जवळपास चौपट होतात आणि प्रत्येकाचा वाटा तसाच राहतो. मासे, खेकडे, माणसे पहिल्या वाटेने वाढली आणि त्यासाठी त्यांना रक्त खेळवणारी सारी यंत्रणा उभारावी लागली. चपटकृमी दुसऱ्या वाटेने वाढला. जुन्या पुस्तकांतून या प्राण्यांना ‘खालच्या पायरीचे’ म्हणण्याची पद्धत होती. ती सोडून द्यावी हे बरे. रक्ताभिसरणावाचून निम्म्या तळहाताच्या मापाचे शरीर जगवून दाखवणे ही लहानसहान कामगिरी नाही.

ऑक्सिजनचा प्रश्न चपटेपणाने सुटला, तरी अन्नाचा उरतो. रक्तच नसेल तर पचलेले अन्न अंगभर पोहोचवायचे कोणी? पॉलिक्लॅडांमध्ये हे काम आतडेच करते. अंगाच्या मधोमध एक मुख्य नळी असते आणि तिला फाटे, फाट्यांना फाटे फुटत ती थेट किनारीपर्यंत पसरते. फिकट रंगाच्या जातीला उजेडासमोर धरले की हे जाळे कातडीतून आरपार दिसते. आतड्याला दुसरे तोंड मात्र नाही. पोटाकडच्या बाजूला असलेल्या एकाच छिद्रातून अन्न आत जाते आणि न पचलेला भागही तिथूनच बाहेर टाकला जातो. शरीरातले जादा पाणी काढून टाकण्यासाठी ज्योतपेशी नावाच्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांच्यातले केसांचे झुबके सतत थरथरत पाणी पुढे ढकलत राहतात.

खाण्याची रीत पाहण्यासारखी आहे. अनेक रंगीत चपटकृमींचे मुख्य अन्न म्हणजे खडकाला चिकटून वसाहत करणारे सी-स्क्वर्ट. एका जाड, चिवट आवरणात शेकडो इवले जीव बसलेले असतात आणि प्रत्येकाचे एक बारीक छिद्र बाहेर उघडते. कृमी त्या वसाहतीवर जाऊन पसरतो. त्याच्या तोंडातून घडीघडीचा, चुण्या पडलेला घसा बाहेर येतो. हा घसा लवचिक असल्याने त्याची टोके एकेका छिद्रात शिरतात आणि आतला मऊ जीव ओढून घेतात. कृमी पुढे सरकतो तेव्हा मागे नुसते रिकामे आवरण उरते. वरून पाहणाऱ्याला मात्र एक सुंदर रंगीत प्राणी खडकावर शांत पहुडलेला दिसतो.

चालण्यासाठी त्याला पाय नाहीत. पोटाकडच्या कातडीवर असंख्य सूक्ष्म केस असतात आणि अंगातून पाझरणाऱ्या चिकट स्रावाच्या थरावर ते केस एका लयीत मागे लोटले जातात. त्यामुळे तो चालतो असे वाटतच नाही. खडकावरून नुसता वाहत जातो. खाचखळग्यांशी अंग इतके तंतोतंत जुळते, की खाली खडक कसा आहे ते त्याच्या पाठीवरून कळावे. हुसकावले किंवा जागा सोडायची झाली, की मोठ्या जाती अंगाच्या दोन्ही कडा आळीपाळीने उचलत पाण्यात उठतात आणि लाटा उमटवत पोहू लागतात. वैनगंगेच्या वाहत्या पाण्यात रंगीत लुगडे खळबळताना त्याचा काठ जसा वरखाली होतो, तशी ती हालचाल असते. पोहणे फार वेळ चालत नाही. थोडे अंतर कापून तो पुन्हा खडकावर बसतो.

पुढच्या टोकाला किनारीच्या दोन घड्या उभ्या राहून शिंगांसारख्या दिसतात. खरी शिंगे ती नव्हेत, पण वास आणि स्पर्श टिपण्याचे काम त्याच करतात. त्यांच्यावर आणि मेंदूच्या वर बारीक काळ्या ठिपक्यांचे पुंजके असतात. तेच त्याचे डोळे. चित्र त्यांना दिसत नाही; उजेड कुठून येतो आणि सावली कुठून पडली एवढे कळते. मेंदू दोन गोलाकार भागांचा, टाचणीच्या डोक्याहून लहान. अंग फाटले तर ते भरून येते आणि तुटलेला मागचा भाग पुन्हा वाढतो. मात्र पॉलिक्लॅडांच्या बाबतीत त्यासाठी मेंदू शाबूत असावा लागतो. गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया याहून पुढे जातो. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1898 साली दाखवले, की मूळ अंगाच्या 279व्या भागाएवढ्या तुकड्यातूनही पुरा प्राणी उभा राहू शकतो.

एवढा मऊ, हळू चालणारा, कवच नसलेला प्राणी भरदिवसा उघड्यावर का फिरतो, याचे उत्तर त्याच्या रंगात आहे. प्रवाळ खडक म्हणजे माशांची गर्दी. कोणताही मासा त्याला एका घासात गिळू शकेल. पण अनेक जातींच्या अंगात विष किंवा निदान किळस आणणारी चव असते. एकदा तोंड पोळलेला मासा तो रंग विसरत नाही. काही जाती हे विष भक्ष्याकडूनच उचलतात. मायक्रोनेशियातल्या एका सी-स्क्वर्टमध्ये स्टॉरोस्पोरिन वर्गातली तीव्र रसायने सापडली आणि त्यावर चरणाऱ्या स्यूडोसेरॉस कृमीच्या अंगातही तीच मिळाली. पॉलिक्लॅडांच्या दुसऱ्या एका कुळात फुग्या माशाच्या विषाचे, टेट्रोडोटॉक्सिनचे साठे आढळले आहेत. ग्वाम बेटाजवळचा या कुळातला एक प्लॅनोसेरिड कृमी तर त्याच विषाने कवड्यांसारखे फिरते प्राणी निपचित पाडून खातो, असे 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. विषारी प्राण्याचा रंग खात्रीचा ठरला, की त्याची नक्कल करणारेही येतात. स्यूडोसेरॉस इमिटेटस ही जात फायलिडिएला नावाच्या विषारी सागरी गोगलगायीसारखी दिसते. पाठीवरचे उंचवटेसुद्धा हुबेहूब. उलट, प्लॅटॅक्स पिनॅटस या माशाचे पिल्लू काळे, नारिंगी कडेचे असते आणि पाण्यात चपटकृमीसारखेच डोलत पोहते. मासा ज्याचे रूप घेतो तो कृमी किती भरवशाचा विषारी असेल!

या रंगांचा एक पेच आहे. पाण्यात लाल उजेड पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो. पंधरा मीटर खाली किरमिजी किनार काळपट तपकिरी दिसते. टॉर्चचा झोत टाकला तरच तिचा खरा रंग उजळतो. छायाचित्रांत दिसणारी झगमग ही बरीचशी दिव्याची देणगी असते. माशाला तिथे जे दिसते ते गडद आणि फिकट यांतला ठसठशीत फरक: काळ्यावर पांढरे, जांभळ्यावर पिवळे. ताकीद देण्यासाठी तेवढा पुरतो.

असा प्रत्येक रंगीत चपटकृमी एकाच वेळी नर आणि मादी असतो. दोघांची भेट झाली, की बीज देणारा कोण आणि अंडी वाढवणारा कोण हे आधी ठरलेले नसते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील स्यूडोसेरॉस बायफर्कस या निळ्या कृमीचा अभ्यास करून निको मिखिएल्स आणि लेस्ली न्यूमन यांनी 1998 साली ‘नेचर’मध्ये जे लिहिले, त्याने हे प्राणी जगभर गाजले. दोन कृमी समोरासमोर अंगाचा पुढचा भाग उचलून उभे राहतात. प्रत्येकाचा प्रयत्न समोरच्याच्या अंगात आपले टोकदार इंद्रिय खुपसून बीज सोडण्याचा आणि स्वतःला मात्र टोचू न देण्याचा. हे वीस मिनिटांपासून तासभर चालते. बीज स्वस्त असते; अंडी महाग. ती वाढवायला अन्न लागते आणि शिवाय जखम भरून काढावी लागते, म्हणून दोघेही देणारे होऊ पाहतात. लोकप्रिय लेखनात याला तलवारबाजी म्हणून रंगवले जाते आणि वाचक तिथेच थांबतो. विचार करण्यासारखी गोष्ट त्याच्या पुढची आहे: नर-मादी वेगळे असलेल्या प्राण्यांत जो हितसंबंधांचा झगडा दोन शरीरांत वाटलेला असतो, तो इथे दर भेटीला नव्याने, अगदी समान बळाच्या दोघांत लढला जातो.

अंडी खडकाखाली एका थरात, पातळ चिकट पडद्यासारखी घातली जातात. त्यांतून बाहेर येणारे पिल्लू चपटे नसतेच. रंगीत जातींमध्ये ते आठ गोलसर पाळ्यांचे, केसाळ, पाण्यात भिरभिरणारे असते. योहानेस म्युलर यांच्या नावाने हे पिल्लू म्युलरचा डिंभ म्हणून ओळखले जाते. काही काळ ते प्लवकांबरोबर वाहते, मग पाळ्या अंगात विरघळतात, शरीर पसरते आणि ते तळाला बसते. प्रवाळाच्या एका बेटावरून दुसऱ्या बेटापर्यंत हा प्राणी पोहोचतो तो या वाहत्या वयात. नंतरचे आयुष्य बहुधा काही खडकांच्या परिसरातच जाते.

माणसाने त्याला ओळखायला उशीर लावला आणि त्याचे कारणही त्याच्या चपट्या, नाजूक अंगात आहे. हातात घेतला तर तो फाटतो. स्पिरिटमध्ये टाकला तर आक्रसतो, गुंडाळतो, तुकडे होतो आणि रंग उडून जातो. सिलोनचे डॉक्टर एडवर्ड केलार्ट यांनी त्रिंकोमाली येथे जमवलेले नमुने आणि स्वतः पूर्वेकडच्या समुद्रात गोळा केलेले नमुने मिळून कथबर्ट कॉलिंगवुड यांनी 1876 साली लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या प्रकाशनात 31 जातींचे वर्णन केले. आपल्या शेजारच्या समुद्रातील या प्राण्यांवरचे ते सुरुवातीचे मोठे काम. आठ वर्षांनी, 1884 मध्ये, आर्नोल्ड लांग यांनी नेपल्सच्या आखातातल्या पॉलिक्लॅडांवर लिहिलेला ग्रंथ आजही उघडला जातो. त्यातील रंगीत चित्रे जिवंत प्राण्यांवरून काढलेली आहेत. अडचण तरी राहिलीच: बाटलीतला नमुना आणि समुद्रातला प्राणी यांचा मेळ बसत नसे. क्वीन्सलँड म्युझियमच्या लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन यांनी 1990च्या दशकात त्यावर तोड काढली. कृमीला समुद्राच्या पाण्यातच गाळणकागदावर सरकत येऊ द्यायचे, तो पूर्ण पसरला की कागदासकट उचलायचे आणि गोठवलेल्या फॉर्मलिनच्या थरावर ठेवायचे. आक्रसायला सवड मिळायच्या आत तो जसा चालत होता तसाच थिजतो, रंगासकट. या साध्या युक्तीने आणि पाण्याखालच्या कॅमेऱ्याने त्या दोघांच्या हातून कितीतरी नव्या जातींची नोंद झाली. ग्लोरिओसस हे नाव त्यांनीच 1994 साली दिले.

भारतात या प्राण्यांचे खरे घर म्हणजे लक्षद्वीप, अंदमान-निकोबार, मन्नारचे आखात आणि कच्छचे आखात. लक्षद्वीपच्या प्रवाळांवरील पॉलिक्लॅडांच्या नोंदी आपटे आणि पितळे या अभ्यासकांनी 2011 साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. महाराष्ट्राचा किनारा मात्र प्रवाळांसाठी अवघड: पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळ होते, खारटपणा कमी होतो. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणच्या खडकाळ उथळ पाण्यात प्रवाळ टिकून आहेत. तिथे 1987 साली 29.12 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी भाग आहे. तिथे किनाऱ्याचा गाळ पोहोचत नाही, पाणी स्वच्छ राहते आणि प्रवाळ चांगले वाढतात. मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळांच्या वसाहती आहेत. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी 2020 साली त्यांतल्या काही दुसरीकडे हलवाव्या लागल्या. आपटे आणि पितळे यांनीच 2019 मध्ये महाराष्ट्राच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील युरिलेप्टिड कुळाच्या चपटकृमींवर लिहिताना एक संपूर्ण नवा वंश शास्त्रापुढे ठेवला. शेकडो वर्षे लोक ज्या कातळांवरून कालवे खरवडत आले, त्याच कातळांखाली हे प्राणी होते.

किनाऱ्यावर त्यांना पाहायचे तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी ओहोटी गाठावी लागते. खडपांमधल्या डबक्यांत पाणी निवळलेले असते. दगड हलकेच उचलून त्याची खालची बाजू पाहिली, तर स्पंज, सी-स्क्वर्ट आणि गोगलगायींच्या अंड्यांच्या गर्दीत एखादा डाग सरकताना दिसतो. पहिल्या नजरेला तो दगडाचाच रंग वाटतो. बारकाईने पाहिले की कडेला चुण्या दिसतात, पुढची दोन टोके उचललेली दिसतात आणि मग उन्हाची तिरीप लागताच तो सावलीकडे वळतो. दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवणे अत्यावश्यक आहे. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या सगळ्या वसाहतीला मरण, आणि हौशी पर्यटनाच्या दिवसांत असे मरण किनाऱ्यावर जागोजागी ओढवते. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी शहराच्या किनाऱ्यांवर लोकांना घेऊन जाऊन हीच शिस्त शिकवली, ते काम फार मोलाचे आहे.

सगळेच पॉलिक्लॅड निरुपद्रवी नाहीत. स्टायलोकस वंशातले मळकट तपकिरी कृमी कालवांच्या शिंपल्यात शिरून आतला जीव खातात. कालवांची शेती करणाऱ्यांना त्यांची चांगलीच डोकेदुखी असते. अॅक्रोपोरा प्रवाळांवर चरणाऱ्या एका कृमीचे वर्णन 2011 साली झाले. तो जवळपास पारदर्शक असतो आणि खाल्लेल्या प्रवाळातले शैवाल त्याच्या आतड्यात राहिल्याने तो प्रवाळाच्याच रंगाचा होतो. जो आपल्या अन्नावर लपून राहतो त्याने रंगाची ताकीद सोडून दिलेली असते. चपटकृमींच्या कुळात हा धडा पुन:पुन्हा दिसतो: उघड्यावर वावरणारा रंग धारण करतो, लपणारा तो गमावतो, आणि दुसऱ्याच्या शरीरात राहायला गेलेला तर रंगच नव्हे, डोळे आणि अंगावरचे केसही टाकून देतो.

या शेवटच्या वर्गाची महाराष्ट्राला जास्त ओळख आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यातील गिमवी गावात 1952 साली गाडगीळ आणि शाह यांनी लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांमध्ये शिस्टोसोमा या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या चपटकृमीचा प्रादुर्भाव असल्याचे दाखवले. आफ्रिकेत लाखोंना पीडणारा हा रोग भारतात असा एका गावी आढळावा, याचे शास्त्रज्ञांना आजही कुतूहल आहे. गोड्या पाण्यातली फेरिसिया नावाची टोपीच्या आकाराची इवली गोगलगाय तिथे त्याची वाहक मानली गेली. या कृमीत नर आणि मादी वेगळे असतात, ही चपटकृमींच्या जगात अपवादाची गोष्ट.

दुसऱ्याच्या शरीरात राहणारा असाच आणखी एक कृमी समुद्रापासून दूरही भेटतो. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातील आसगाव हे चौरास भागातले गाव. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. वैनगंगेचे पाणी प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते, एवढाच या मुलखाचा सागराशी संबंध. पण तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, कालवे आणि धानाच्या बांध्या यांमुळे इथे वर्षाचा मोठा भाग पाणी उभे असते, आणि उभ्या गोड्या पाण्याच्या आधाराने पॉलिक्लॅडांचा दूरचा भाऊबंद सुखाने नांदतो. फॅसिओला जायगँटिका, म्हणजे गुरांचा लिव्हरफ्लूक. जनावरांचे डॉक्टर त्याला पर्णकृमी किंवा यकृतकृमी म्हणतात. मेलेल्या जनावराचे यकृत चिरून पित्तनलिका दाबली, तर तो बाहेर घरंगळतो: दोन-अडीच इंच लांब, करडा-तपकिरी, चपटा. काचेच्या पट्टीवर पसरून उजेडात धरला, की दोन्ही बाजूंना फाटे आणि त्यांना उपफाटे फुटलेले आतडे गडद रंगात उमटते. तेच बंद टोकांचे आतडे, एकच तोंड, रक्ताचा अभाव आणि एकाच अंगात नर-मादी. ग्लोरिओससच्या मखमली पाठीखाली जो आराखडा आहे तोच इथे आहे. फरक पडला तो मुक्कामाने. पित्तनलिकेत अंधार असतो, अन्न आपोआप येते, शत्रू येत नाही. तिथे रंग कोणाला दाखवायचा? त्याऐवजी अंगावर जनावराच्या प्रतिकारशक्तीला दाद न देणारे चिवट आवरण आले आणि भिंतीला धरून राहायला दोन चूषके.

त्याचा प्रवास मात्र रंगीत नातलगाच्या डिंभाहून कितीतरी गुंतागुंतीचा. अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि शेणावाटे बाहेर पडतात. शेण बोडीच्या काठावर किंवा बांधीतल्या पाण्यात पडले, की त्यातून केसाळ डिंभ निघतो. काही तासांत त्याला लिम्निया वंशाची पाणगोगलगाय गाठावी लागते, नाही तर तो मरतो. गोगलगायीच्या अंगात तो वाढतो आणि एकाचे शेकडो होतात. शेपटीचे हे नवे डिंभ पाण्यात येतात, गवताच्या किंवा धानाच्या बुंध्याशी चिकटतात, शेपटी टाकतात आणि कवच करून बसतात. धान कापल्यावर गुरे बांध्यांत सोडली जातात, उन्हाळ्यात तलावाचे पाणी ओसरते तशी काठच्या ओल्या हिरवळीवर चरतात, आणि ते कवच पोटात जाते. आतड्याची भिंत भेदून कृमी यकृतात शिरतो व मांस पोखरत पित्तनलिकेपर्यंत पोहोचतो. जनावर खंगते, दूध आटते, डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या पडतात, जबड्याखाली पाण्याची सूज लोंबते. रोवणीच्या तोंडावर बैल असा बसला, तर लहान शेतकऱ्याचा हंगामच अडतो.

उपाय कृमीच्या या वाटेवरच करावे लागतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पावसाळ्याआधी आणि नंतर ऑक्सिक्लोझानाइड किंवा ट्रायक्लाबेंडाझोलसारखे औषध देतात. गुरांना बोडीच्या काठावर न नेता हौदावर पाणी पाजले, तर दूषित गवताशी त्यांची गाठ कमी पडते. कवच करून बसलेले डिंभ धानाच्या बुंध्याकडच्या भागात जास्त असतात, म्हणून खालून कापलेले ओलसर तणस लगेच गुरांपुढे न टाकता कडक उन्हात वाळवून मगच रचतात. कोरडेपणा त्या डिंभांना सोसत नाही. शेण उघड्यावर पाण्याजवळ न टाकता खड्ड्यात नीट कुजवले, तर आत तयार होणाऱ्या उष्णतेने त्यातली अंडीही मरतात.